अलर्ट कुठे अडला?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

मागच्या अंकात फॉर्म व्हॅलिडेशनबद्दल लिहिलं आणि पत्रं आली ती सगळी भलत्याच गोष्टीची, म्हणजे पान रिफ्रेश न करता मागच्या मागे सर्व्हरला रिक्वेस्ट पाठवली (यालाच अजॅक्स म्हणतात) की नंतर अलर्ट, म्हणजे ओके दाबायला लावणारी ती छोटी चौकट, येत नाही, किंवा येतो पण नको तेव्हा, किंवा चार-चारदा येतो. म्हणून या वेळी फक्त तेवढंच घेतलंय. एक आधीच सांगतो, कोड मी इथे तोंडाने बोलतो तसा देवनागरीत लिहिलाय, एडिटरमधे टाइप करताना नेहमीचं स्पेलिंगच वापरा, नाहीतर पुढच्या महिन्यात त्याचीच पत्रं येतील.

प्रश्न : दादा, साधा फॉर्म आहे, नाव आणि फोन नंबर. सेव्ह बटन दाबलं की अजॅक्सने माहिती जाते आणि सक्सेसमधे, म्हणजे उत्तर नीट आलं की चालणाऱ्या फंक्शनमधे, 'माहिती सेव्ह झाली' असा अलर्ट टाकलाय. डेटाबेसमधे रेकॉर्ड पडतं पण अलर्ट येत नाही. आणि विचित्र म्हणजे चेक करायला मी अजॅक्सच्या खालच्या ओळीत 'इथे आलो' असा दुसरा अलर्ट टाकला की दोन्ही अलर्ट नीट येतात! तो काढला की परत बंद. दोन दिवस झाले, आता तो फालतू अलर्ट तसाच ठेवून द्यावा असं वाटायला लागलंय.

उत्तर : ठेवू नका हो. तुमच्याच पत्रात उत्तर आहे. जास्तीचा अलर्ट टाकला की चालतं याचा अर्थ तुमचा कोड बरोबर आहे पण त्याला वेळ मिळत नाहीये, आणि वेळ कोण खातंय तर तुमचा फॉर्म.

काय होतं बघा. फॉर्मच्या आत बटन टॅग टाकला आणि टाइप लिहिला नाही तर ब्राउझर त्याला सबमिट बटनच धरतो. तुम्ही क्लिक केलं, तुमचं फंक्शन चाललं, अजॅक्सची रिक्वेस्ट निघाली, फंक्शन संपलं, आणि लगेच ब्राउझरने त्याचं नेहमीचं काम केलं, फॉर्म सबमिट करून पान नव्याने लोड करायला घेतलं. रिक्वेस्ट सर्व्हरपर्यंत पोचलेली असते म्हणून रेकॉर्ड पडतं, पण उत्तर परत येईपर्यंत ते ऐकणारं पानच जागेवर नसतं. सक्सेसमधला अलर्ट दाखवणार कोण? मधे 'इथे आलो' टाकला की काय होतं, अलर्ट उघडा आहे तोवर जावास्क्रिप्ट जागच्या जागी थांबते, तुमचं फंक्शन संपतच नाही, त्यामुळे सबमिटही थांबतं, पण नेटवर्कचं काम ब्राउझर बाजूला चालूच ठेवतो. तुम्ही ओके दाबेपर्यंत उत्तर येऊन दारात उभं असतं आणि पान उडायच्या आत सक्सेसला नंबर मिळून जातो. म्हणजे तुमचा टेस्टिंगचा अलर्ट बग दाखवत नव्हता, तो बगवर पांघरूण घालत होता.

खात्री करायची असेल तर डेव्हलपर टूल्समधे नेटवर्क टॅब उघडा, 'प्रिझर्व्ह लॉग' वर टिक करा (हे केलं नाही तर पान बदलताच सगळी यादी पुसली जाते आणि आपण म्हणतो रिक्वेस्ट गेलीच नाही), आणि सेव्ह दाबा. तुमची रिक्वेस्ट लाल रंगात 'कॅन्सल्ड' दिसेल आणि तिच्या खाली पानाची नवी रिक्वेस्ट. फॉर्मला मेथड दिली नसेल तर पत्त्याच्या पट्टीत प्रश्नचिन्हापुढे नाव आणि फोन पण चिकटलेले दिसतील.

उपाय एका ओळीचा आहे, ईव्हेंट डॉट प्रिव्हेंटडिफॉल्ट, म्हणजे ब्राउझरला 'तुझं नेहमीचं काम करू नको' असं सांगणं. पण तो बटनाच्या क्लिकवर लावू नका, फॉर्मच्या सबमिट ईव्हेंटवर लावा, आणि फंक्शनच्या पहिल्या ओळीत. बरेच जण बटनाला टाइप इक्वल टू बटन करून मोकळे होतात. चालतं, पण मग एंटर की दाबणाऱ्याचं काय? तुमच्यासारखे टेक्स्टचे दोन रकाने असतील तर एंटर दाबून काहीच होणार नाही, आणि एकच रकाना असला तर सबमिट बटन नसतानाही ब्राउझर फॉर्म सबमिट करून टाकतो, म्हणजे तोच आजार परत.

आणि 'पहिल्या ओळीत' का म्हटलं ते पण सांगतो. फंक्शन असिंक (मधे थांबून वाट बघू शकणारं) असेल आणि आधी अवेट करून, म्हणजे वाट बघत, सर्व्हरला विचारलं की हा फोन नंबर आधी आहे का, आणि त्यानंतर प्रिव्हेंटडिफॉल्ट लिहिलं, तर उशीर झालेला असतो, पहिल्या अवेटला फंक्शन बाहेर पडतं आणि ब्राउझर समजतो की याला काही अडवायचं नाहीये. 'रिटर्न फॉल्स' चं पण तेच, असिंक फंक्शन फॉल्स देत नाही, प्रॉमिस (उत्तर नंतर देईन असा वायदा) देतं, आणि प्रॉमिस म्हणजे फॉल्स नव्हे.

प्रश्न : सर, जेक्वेरी लायब्ररीचं अजॅक्स वापरतोय, सर्व्हरला पीएचपी भाषा. नेटवर्क टॅबमधे स्टेटस २०० (सगळं ठीक) येतं, रिस्पॉन्समधे सक्सेस हा शब्द पण दिसतो, तरी अलर्ट एररवालाच येतो, 'काहीतरी चुकलं'. चुकलं काय तेच कळत नाही.

उत्तर : तुम्ही डेटाटाइप जेसन (माहिती ठरलेल्या नियमांत लिहायची पद्धत) लिहिलंय ना? मी पैज लावतो. आणि पीएचपीमधे नुसतं एको सक्सेस, म्हणजे तो शब्द तसाच छापलाय.

जेक्वेरीला तुम्ही सांगितलंत की उत्तर जेसन येणार, आणि आलं काय तर अवतरणचिन्हांशिवायचा एक सुटा शब्द, तो जेसनच्या नियमात बसत नाही. मग २०० असू दे नाहीतर काही, जेक्वेरी त्याला पार्सरएरर (उत्तर वाचताच आलं नाही) म्हणून एररच्या फंक्शनमधे ढकलते. पीएचपीने वर एखादी वॉर्निंग छापली, किंवा डीबग करताना टाकलेला प्रिंट_आर तसाच राहिला, तरी हेच होणार. सर्व्हरवर जेसन_एनकोड करून पाठवा, त्याच्या पुढे एक्झिट लिहा म्हणजे खालचं काही चिकटणार नाही, आणि बाकीच्या वॉर्निंगा स्क्रीनवर न छापता लॉग फाइलमधे जाऊ द्या.

पण माझा खरा आक्षेप त्या 'काहीतरी चुकलं' वर आहे. एररचं फंक्शन तुम्हाला तीन गोष्टी हातात देतं, पूर्ण रिक्वेस्ट, स्टेटसचा शब्द आणि एररचा मजकूर, आणि आपण त्यातलं काहीच न बघता एक गोलमाल वाक्य दाखवतो. गिऱ्हाइकाला दाखवा हवं तर, पण स्वतःसाठी डेव्हलपर टूल्समधल्या कन्सोलमधे स्टेटस, तो शब्द आणि रिस्पॉन्सटेक्स्ट छापा, पहिल्या खेपेलाच पार्सरएरर वाचलं असतं.

याच्यातच एक छुपा प्रकार आहे जो लोकांना सगळ्यात जास्त छळतो. सकाळी सगळं चालतं, जेवून आल्यावर एररचे अलर्ट सुरू. सेशन, म्हणजे लॉगिनची मुदत, संपलेलं असतं, सर्व्हर रिक्वेस्टला लॉगिनच्या पानावर पाठवतो, ब्राउझर ते गुपचूप फॉलो करतो आणि तुमच्या हातात २०० स्टेटससकट लॉगिन पानाचं एचटीएमएल ठेवतो. जेसन वाचायला गेलं की पहिलंच अक्षर कोनाचा कंस, म्हणून 'अनएक्सपेक्टेड टोकन' ची बोंब. कंसाचं नाव घेऊन एरर आली की जावास्क्रिप्टमधे शोधूच नका, सर्व्हरने एचटीएमएल पाठवलंय, रिस्पॉन्स उघडून वाचा. कायमचा उपाय म्हणजे अजॅक्सच्या रिक्वेस्टला सर्व्हरने रीडायरेक्ट न करता सरळ ४०१ (लॉगिन नाही) द्यावं, मग तुम्हाला 'परत लॉगिन करा' असं माणसासारखं सांगता येतं.

प्रश्न : मला उलटा त्रास आहे. जेक्वेरी नाही, ब्राउझरचं स्वतःचं फेच वापरतो. सर्व्हर ५०० देतोय तरी 'सेव्ह झालं' चा अलर्ट येतो. चुका पकडायला कॅच लिहिलाय, तो चालतच नाही.

उत्तर : फेचचा स्वभावच तसा आहे. त्याच्या दृष्टीने सर्व्हरकडून उत्तर आलं म्हणजे काम झालं, मग ते उत्तर 'माझ्याकडे असं पान नाही' (४०४) का असेना किंवा 'मी कोसळलो' (५००) का असेना. कॅचमधे तो तेव्हाच जातो जेव्हा उत्तर मिळतच नाही, म्हणजे नेट गेलं, सर्व्हरचा पत्ता चुकला, किंवा कॉर्सने (दुसऱ्या साइटचं उत्तर परवानगीशिवाय हातात न देण्याचा ब्राउझरचा नियम) अडवलं. जेक्वेरीतून आलेल्या सगळ्यांचा इथे पाय घसरतो कारण तिथे ४०४ सरळ एररमधे जायचा. रिस्पॉन्स डॉट ओके बघा, ते २०० ते २९९ मधेच ट्रू असतं, नसेल तर स्वतः एरर थ्रो करा, म्हणजे फेका, मग तुमचा कॅच चालेल.

कॉर्सचं नाव निघालंच आहे तर, तिथे याच्या बरोबर उलटी फसगत होते. नेटवर्क टॅबमधे २०० दिसतं, सर्व्हरने काम पण केलेलं असतं, पण परवानगीचं हेडर नाही म्हणून ब्राउझर उत्तर तुमच्या हातात देत नाही आणि 'फेल्ड टू फेच' चा अलर्ट येतो. माणूस परत सेव्ह दाबतो, परत, आणि डेटाबेसमधे एकाच नावाची तीन रेकॉर्डं. कुठेतरी वाचून फेचच्या मोडमधे नो-कॉर्स टाकू नका, त्याने एरर जाते पण रिस्पॉन्स मुका होतो, स्टेटस शून्य, आत काही वाचता येत नाही. हेडर सर्व्हरवरच लावावं लागतं, दुसरी पळवाट नाही.

प्रश्न : अलर्टमधे कंसात ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट असं येतं. कधी ऑब्जेक्ट प्रॉमिस.

उत्तर : पहिल्यात ऑब्जेक्ट आख्खा अलर्टला दिलाय, त्याला फक्त अक्षरं कळतात. त्यातलं हवं ते फील्ड द्या, किंवा जेसन डॉट स्ट्रिंगिफाय करा. दुसऱ्यात अवेट विसरलात, रिस्पॉन्स डॉट जेसन लगेच डेटा देत नाही, त्याची पण वाट बघावी लागते. आणि रिस्पॉन्स एकदाच वाचता येतो, आधी टेक्स्ट म्हणून वाचून मग जेसन मागितलं तर एरर येणार.

प्रश्न : एक रेकॉर्ड डिलीट केलं की 'डिलीट झालं' चा अलर्ट एकदा येतो, दुसरं केलं की दोनदा, पाचव्याला पाच वेळा. ऑफिसमधे सगळे हसतात.

उत्तर : हसू द्या, हसणाऱ्यांच्या कोडमधे पण कधीतरी हे होऊन गेलंय. पण आधी एक बघा, आणि हे महत्त्वाचं आहे, पाच अलर्ट येतात तेव्हा नेटवर्क टॅबमधे रिक्वेस्ट किती जातात? पाच जात असतील तर गंमत राहिली नाही, डिलीटच्या जागी पेमेंटचं बटन असतं तर काय झालं असतं विचार करा.

वाढत जाणारा आकडा म्हणजे क्लिकचा हँडलर (क्लिक झालं की चालणारं फंक्शन) परत परत बांधला जातोय. तुमची यादी दाखवणारं एक फंक्शन असेल, प्रत्येक डिलीटनंतर यादी ताजी करायला ते परत चालत असेल, आणि त्याच्याच पोटात तुम्ही डॉक्युमेंटवर किंवा मोडलमधल्या (पानावर उघडणाऱ्या चौकटीतल्या) 'होय' बटनावर क्लिक बांधलं असेल. यादीच्या ओळी नव्या येतात पण ते बटन जुनंच असतं, त्याच्यावर जुना हँडलर आहेच, त्यावर आणखी एक चढतो. बांधायचं काम त्या फंक्शनच्या बाहेर काढा, पान लोड होताना एकदाच, यादीच्या बाहेरच्या डब्यावर बांधा आणि क्लिक आलं की कुठल्या ओळीचं ते आत ओळखा. जेक्वेरीत बांधायच्या आधी ऑफ (आधीचं बांधलेलं सोडवणारं) लिहून पण भागतं पण मला ते आवडत नाही, दुसऱ्या कुणी बांधलेलं पण सुटून जातं. साध्या जावास्क्रिप्टमधे नाव दिलेलं तेच फंक्शन ॲडईव्हेंटलिसनरला दहादा दिलं तरी एकदाच बसतं, पण जागच्या जागी बिननावाचं लिहिलं तर दर वेळी नवं धरलं जातं. जेक्वेरी एवढी दया पण दाखवत नाही, तेच फंक्शन दिलं तरी पुन्हा बांधते.

आकडा वाढत नसेल, दर वेळी तीन किंवा चारच अलर्ट येत असतील आणि रिक्वेस्ट एकच असेल, तर तो वेगळा रोग. जुन्या पद्धतीने एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट वापरून ऑनरेडीस्टेटचेंजमधे थेट अलर्ट लिहिलेला असतो. ते फंक्शन उत्तर आल्यावर एकदा नाही, प्रत्येक टप्प्याला चालतं, १ उघडली, २ हेडर आले, ३ मजकूर येतोय (मोठा असेल तर हे अनेकदा), ४ संपलं. रेडीस्टेट ४ आहे का ते विचारा, किंवा सरळ ऑनलोड वापरा, तो एकदाच येतो. हा प्रकार फार जुना आहे, इंटरनेट एक्सप्लोरर ५ च्या काळापासून, १९९९, अजॅक्स हे नाव तर २००५ मधे पडलं. आणि अलर्ट त्याच्याही आधीचा, तेव्हा मागच्या मागे रिक्वेस्ट ही भानगडच नव्हती, म्हणून सगळं थांबवून बोलायची त्याची सवय कुणाला खुपली नाही.

प्रश्न : माझ्या पानावर असा अलर्ट येतो जो मी लिहिलेलाच नाही! आख्ख्या प्रोजेक्टमधे सर्च केलं. इंग्रजीत डेटाटेबल्स वॉर्निंग असं काहीतरी.

उत्तर : त्यात नावच लिहिलंय की, डेटाटेबल्स ही टेबलची लायब्ररी अजॅक्समधे गडबड झाली की स्वतःहून अलर्ट मारते. तिच्या सेटिंगमधे एररमोड आहे, तो अलर्टवरून थ्रो केला की तीच तक्रार कन्सोलमधे जाते. नन पण करता येतं, पण मग तक्रार गिळली जाते, तक्रारीचं कारण तसंच राहतं. वर सेशनचं लिहिलंय ते वाचा, बहुतेक तेच असेल.

पण असा अनोळखी अलर्ट कुठून येतो ते शोधायची एक युक्ती सगळ्यांनीच लिहून ठेवा. कन्सोलमधे विंडो डॉट अलर्टला तुमचं स्वतःचं फंक्शन द्या, आत फक्त कन्सोल डॉट ट्रेस. आता अलर्ट उघडणारच नाही, त्याच्या जागी कुठल्या फाइलच्या कितव्या ओळीने कुणाला बोलावून अलर्ट मागवला ती सगळी साखळी छापून येईल. मी एकदा एका ठिकाणी दर पाच सेकंदांनी सर्व्हरला विचारणाऱ्या कोडमधे टेस्टिंगचा अलर्ट विसरून तसाच लाइव्ह केला होता. लोक ओके दाबून थकले, आणि मी दोन तास दुसऱ्याच्या फाइलमधे शोधत बसलो. ही युक्ती तेव्हा माहीत असती तर दोन मिनिटांत माझंच नाव निघालं असतं.

प्रश्न : माझ्या मशीनवर अलर्ट येत नाही, मित्राच्या येतो. तोच कोड, तोच ब्राउझर. कन्सोलमधे एरर नाही.

उत्तर : टेस्टिंग करताना वैतागून 'या पानाला आणखी डायलॉग दाखवू देऊ नका' अशा अर्थाच्या चौकटीवर टिक केलीत का कधी? त्यानंतर ब्राउझर अलर्ट गिळून टाकतो. टॅब बंद करा, नवीन उघडा. तरी नाही आला तर पान आयफ्रेममधे (दुसऱ्या पानात बसवलेल्या चौकटीत) चालतंय का बघा, ऑनलाइन कोड एडिटरांमधे असंच असतं. आयफ्रेमला सँडबॉक्स (बंधनं घालणारं सेटिंग) असेल आणि त्यात अलाउ-मोडल्स नसेल तर अलर्ट उघडत नाही, कन्सोलमधे त्याची सूचना येते पण फिल्टर लावलेला असला की आपल्याला दिसत नाही. क्रोमने तर २०२१ मधे ९२ व्या आवृत्तीत दुसऱ्या साइटवरून आलेल्या आयफ्रेममधले अलर्ट सरसकट बंदच केले होते, ओरडा झाला म्हणून ते लांबणीवर टाकलं.

प्रश्न : उत्तर आल्यावर अलर्टऐवजी नवीन विंडोत पावती उघडायची आहे. पॉपअप ब्लॉकर अडवतो.

उत्तर : अलर्टला क्लिक लागत नाही, विंडो डॉट ओपनला लागतं, आणि ते क्लिक ब्राउझर थोडाच वेळ लक्षात ठेवतो, उत्तराला उशीर झाला की हक्क गेला. म्हणून विंडो क्लिकच्या क्षणीच रिकामी उघडा, आत 'थांबा, पावती बनतेय' लिहा, आणि उत्तर आलं की तिला पत्ता द्या. रिक्वेस्ट फसली तर ती बंद करायला विसरू नका.

प्रश्न : शेवटचा छोटा प्रश्न, उत्तर आलं की आधी गोल फिरणारा लोडर लपवतो आणि मग अलर्ट दाखवतो, तरी लोडर अलर्टच्या मागे दिसतच राहतो. ओके दाबलं की मग जातो.

उत्तर : लपवलात हे ब्राउझरला कळलंय, पण स्क्रीन परत रंगवायची त्याला फुरसत मिळाली नाही, पुढच्याच ओळीत अलर्टने सगळं थांबवलं. अलर्ट सेटटाइमआउटमधे घालून थोडे मिलिसेकंद पुढे ढकला, लोडर आधी जाईल. नाहीतर अलर्ट सोडाच आणि डायलॉग टॅग घ्या, शोमोडल म्हटलं की उघडतो, मागची जावास्क्रिप्ट थांबत नाही, दिसायला तुमच्या पानासारखा करता येतो आणि २०२२ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत चालतो. फक्त एक लक्षात असू द्या, अलर्टच्या खालची ओळ ओके दाबल्यावरच चालायची, डायलॉगच्या खालची लगेच चालते, म्हणून 'ओके नंतर यादीच्या पानावर जा' असलं काही असेल तर ते डायलॉगच्या क्लोज ईव्हेंटमधे हलवा.